रिसाल्याचे देणे

आमच्या गल्लीतल्या रेशन दुकानात नावांचा पुकारा सुरू झाला की एखाद्या पलटणीची हजेरी चालली आहे असे वाटते. जमादार, दफेदार, बारगीर, नालबंद, शिकलगार, नगारची. पुढे होऊन अंगठा देतो तो कुणी पंक्चर काढणारा असतो, कुणी गवंडी, कुणी सेंटरिंगच्या फळ्या ठोकणारा. बारगीरांच्या घरी आज सायकलही नाही आणि नालबंदांनी घोड्याची टाच कधी हातात धरलेली नाही. आमचे आडनावही असेच एका हुद्द्याचे. लहानपणी शाळेत कुणी विचारले तर आम्ही छाती काढून सांगायचो, आमचे पूर्वज घोडदळात होते. कुठल्या घोडदळात, कुणाच्या बाजूने, कुणाविरुद्ध, हे ना आम्हाला ठाऊक होते, ना विचारणाऱ्याला. घरात कागद एकही नाही. अम्मीच्या पेटीत तळाशी एक लोखंडी रिकीब आहे, गंजलेली. तीसुद्धा जोडीतली एकच.

हे सगळे उकरून काढायला कारण झाला आमचा धाकटा पुतण्या. बारावी झाल्यापासून तो फजरच्या अजानआधी उठतो आणि तुळजापूर रस्त्याला धावायला जातो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवायचे आहेत. त्याच्यासोबत आणखी सात-आठ पोरे असतात, सगळ्या जातीची. शेतात काही राहिले नाही, एमआयडीसीत काही आले नाही, म्हणून आमच्या जिल्ह्यातली पोरे भरतीच्या मैदानाकडे बघतात. २०२२ पासून अग्निवीरची चार वर्षेच मिळतात आणि चारांतला एकच पुढे कायम होतो, हे त्यांना पाठ आहे. तरी ती धावतात.

एका रात्री भरतीच्या गाइडमधला सामान्य ज्ञानाचा प्रश्न त्याने मोठ्याने वाचला. अशोकचक्राचे पहिले मानकरी कोण? उत्तर होते, हवालदार बचित्तरसिंग, शीख रेजिमेंटची दुसरी पलटण, मरणोत्तर, ठिकाण नळदुर्ग. "चाचा, अपने नळदुर्ग में!" असे म्हणून तो उठूनच उभा राहिला. आतल्या खोलीत अम्मी तसबीह घेऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, "फौज का नाम नक्को ले मेरे सामने."

तिचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये ती सात-आठ वर्षांची होती. त्यावर नंतर येतो. आधी त्या रिकिबीचे सांगितले पाहिजे, कारण पुतण्याने दुसऱ्याच दिवशी ती पेटीतून काढून घासायला घेतली आणि विचारले, "ये कौनसी फौज की है?"

घरापुरते उत्तर आम्हाला आजही देता येत नाही. पण आमच्या मुलखातल्या या हुद्द्यांच्या आडनावांमागे जी एक मोठी फौज उभी आहे तिचा माग लागतो. निझामाच्या चाकरीतले स्वार ती. आजच्या भारतीय सैन्यात 'दख्खन हॉर्स' नावाची रणगाड्यांची रेजिमेंट आहे, ती आपला जन्म १७९० चा सांगते आणि तो निझामाच्या घोडदळातला सांगते. पुढे पेशवे आणि पेंढारी यांच्याशी १८१७-१८ ची लढाई संपली, तरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही फौज मोडली गेली नाही. तिला हैदराबाद कॉन्टिन्जन्ट म्हणू लागले. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, हिंगोली, औरंगाबाद, बोलारम अशा तिच्या छावण्या होत्या. घोडा दख्खनचा, स्वार बहुतेक दख्खनचा, पगार हैदराबादच्या खजिन्यातून आणि लगाम रेसिडेंट साहेबाच्या हातात.

या रिसाल्याची चाकरी शिलेदारीची होती. ज्याचा घोडा त्याचा तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून त्याच्या वतीने चाकरी करणारा तो बारगीर. रिसाल्यातल्या जागेला असामी म्हणत आणि असामी ही घराची मालमत्ता असे. पैसेवाल्या शिलेदाराकडे दहा-दहा असाम्या असत. घोडा मेला तर शिलेदाराचे दिवाळे, बारगिराचे मात्र फक्त काम जाई. म्हणजे फौजेतही जमीनदार आणि सालगडी होतेच. जमादारांच्या घरी अजून आमच्याकडे बघायची एक तऱ्हा आहे, ती कुठून आली असेल ते आम्हाला हे वाचताना उमगले. हरभरा भिजवणे, खरारा करणे, तोबरा चढवणे, नाल बघणे, यातच स्वाराचा दिवस जाई. घोड्याचे पोट भरल्याशिवाय स्वाराने भाकरी मोडायची नाही असा शिरस्ता. आमच्या घरात अजूनही जेवायला घाई करणाऱ्याला "घोडे ने खाया क्या?" असे विचारतात. आम्ही ते नुसतेच विचारत आलो.

फौज चांगली होती, म्हणून महाग होती. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास खर्च, आणि हैदराबादचा खजिना रिकामा. पगारासाठी सावकारांकडून पैसा उचलायचा. त्यात पामर आणि कंपनी या पेढीने जबर व्याजाने दिलेल्या कर्जाचा बोभाटा १८२० च्या सुमाराला थेट लंडनपर्यंत गेला. नंतर कंपनी सरकारनेच पगार भागवायला सुरुवात केली आणि ते निझामाच्या नावे कर्ज म्हणून लिहून ठेवले. आकडा फुगत गेला. शेवटी डलहौसीच्या काळात, २१ मे १८५३ रोजी नवाब नासिरुद्दौला यांच्याकडून तहावर सही घेतली गेली. पगार आणि कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.

आपला जिल्हा एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडला होता. आम्ही शाळेत मराठवाड्याचा इतिहास शिकलो, पण हे कुणी सांगितले नव्हते. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले तेव्हा इकडून तिकडून पुष्कळ बोलले गेले. गहाणखतावरचेही नाव धाराशिवच होते, हे त्या गदारोळात कुणाच्या ध्यानात आले नाही. आमच्याही नाही.

गहाण मुलखाचा कारभार बघायला आले ते मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्यांचे नाव विलायतेत झालेले होते, पण माणूस निझामाच्याच फौजेत वाढलेला, दख्खनी बोलणारा. त्यांचा मुक्काम नळदुर्गच्या किल्ल्यात. त्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या वेळचा पाणीमहाल आहे, बोरी नदी बंधाऱ्यावरून खाली कोसळते. टेलरने इथे जमिनीची मोजणी केली, सारा ठरवला. त्याच्या आत्मचरित्रात या मुलखाबद्दल माया आहे, ते खोटे वाटत नाही. तरी तो जमा करीत होता तो सारा स्वारांच्या पगाराला लावलेला होता. म्हणजे तुळजापूर-उमरग्याकडच्या कुणब्याने ज्वारी पिकवायची आणि त्यातून मोमिनाबादच्या घोड्याला हरभरा जायचा. सैनिकाच्या शौर्याची गाणी असतात; त्याच्या हरभऱ्याचे देणे कुणी फेडले त्याचे गाणे आम्ही ऐकलेले नाही.

मग १८५७ आले. जूनमध्ये औरंगाबादेत या फौजेच्या पहिल्या रिसाल्यात चुळबूळ सुरू झाली. आपल्याला दिल्लीच्या बादशाहाविरुद्ध नेणार, ही बातमी छावणीत पसरली होती. निझामाच्या हद्दीबाहेर जाणार नाही, असे स्वार म्हणू लागले. पुण्याहून फौज आणि तोफा घेऊन जनरल वुडबर्न आला. मीर फिदा अली याने कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली. ती लागली नाही. त्याला फाशी झाली. आणखी काहींना फाशी, काहींना गोळी, काही तोफेच्या तोंडी. शहरातला काळा चबुतरा त्याची आठवण म्हणून आहे. आम्ही औरंगाबादला शिकायला होतो तेव्हा रोज त्या क्रांती चौकातून जात होतो आणि सिटी बसची वाट बघत होतो.

त्याच कॉन्टिन्जन्टचे दुसरे स्वार सहा महिन्यांनी सर ह्यू रोजच्या सैन्यात मध्य हिंदुस्थानात होते. झाशीला होते, काल्पीला होते. झाशीच्या किल्ल्यात राणीच्या तोफेवर गुलाम गौस खान होता आणि तटाबाहेर दख्खनचे आमचे स्वार. त्यातला कोण आमचा? रिकीब काही बोलत नाही. इंग्रज मात्र खूष झाले. १८६० मध्ये निझामाचे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच. आमचा जिल्हा सुटला तो झाशी पडल्यामुळे, हे पुतण्याला सांगताना आमची जीभ जड झाली. तो म्हणाला, "मग फिदा अलीचं नाव गाइडमध्ये का नाही?" आम्ही म्हणालो, गाइडवाल्याला विचार.

पुढे १९०३ मध्ये कॉन्टिन्जन्ट मोडून हिंदी सैन्यात मिसळली गेली. औरंगाबादेत ज्याच्या स्वारांनी नकार दिला होता तो पहिला रिसाला आता 'विसावी दख्खन हॉर्स' झाला. त्यात शीख होते, जाट होते आणि दख्खनी मुसलमान होते. हे लोक १९१४ मध्ये बोटीत घोडे घालून फ्रान्सला गेले. खंदकांच्या लढाईत घोड्याला काम नव्हते. वर्ष-दीड वर्ष चिखलात वाट बघण्यात गेले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ, संध्याकाळच्या वेळी हुकूम आला. ड्रॅगून गार्ड्सची सातवी रेजिमेंट आणि दख्खन हॉर्स, भाले पुढे करून, उभ्या पिकातून मशीनगनवर गेले. पिकात दडलेले जर्मन भाल्यांनी टिपले, कित्येक पकडले. रान मात्र हाती आले नाही. ते घ्यायला पायदळाला आणखी दोन महिने लागले. फ्रान्समध्ये नव शापेल इथे १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर, ज्यांना कबर मिळाली नाही अशा चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. भीमथडीच्या तट्टावर बसायला शिकलेला कुणी माणूस विलायती गव्हात पडला असेल तर त्याच्या घरी तार कुणी वाचून दाखवली असेल, एवढाच विचार आम्ही करीत राहिलो. इंग्रजी तार, मोडी वाचणारा पाटवारी, उर्दू जाणणारा मुल्ला.

१९१८ मध्ये हाच रिसाला पॅलेस्टाइनला गेला. समोर तुर्कांची फौज, म्हणजे खलिफाची. घोडे मगिद्दोपासून दमास्कसपर्यंत दौडले. निझामाचे स्वतःचे हैदराबाद लान्सर्सही त्याच आघाडीवर होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक त्यांचा, दुसरे दोन जोधपूर आणि म्हैसूरचे. २०१८ मध्ये त्या चौकाच्या नावाला हैफा जोडले गेले. स्वार तिकडून परतले तर गावात खिलाफतीच्या सभा चालू होत्या. ज्याच्याविरुद्ध लढून पदक मिळाले त्याच्याच बचावासाठी वर्गणी मागायला लोक दारात उभे. अशा एखाद्या पेन्शनर दफेदाराने पदक घालून वर्गणी दिली असेल का, की पदक आत ठेवून? आम्हाला वाटते, आत ठेवून. रोजी आणि दीन यांची सांगड घालताना आमच्या लोकांनी नेहमीच काहीतरी पेटीच्या तळाशी ठेवले आहे.

दोन्ही दख्खन हॉर्स १९२१ च्या सुमाराला एकत्र झाल्या, नववी झाली, पुढे घोडे जाऊन रणगाडे आले, ब्रह्मदेशातली लढाई झाली. १९४७ मध्ये फौजेचीही फाळणी झाली. दख्खन हॉर्स भारताकडे राहिली आणि मुसलमान जवानांच्या तुकड्या पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या.

आणि आता नळदुर्ग.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून भारताची फौज निघाली. सरकारी कागदात त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. हैदराबादच्या रस्त्यावर पहिला महत्त्वाचा अडसर नळदुर्गचा पूल. तो उडवून दिला जाण्याच्या आत ताब्यात घ्यायचा होता. शीख पलटणीच्या आघाडीच्या तुकडीचा नायक हवालदार बचित्तरसिंग, लुधियाना जिल्ह्यातल्या लोपो गावचा. त्याने समोरून आलेल्या दोन मोटारी अडवल्या. नंतर मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाताना मांडीत गोळ्या लागल्या. तो सरपटत पुढे गेला, हातबॉम्ब टाकून ठाणे गप्प केले आणि तिथेच गेला. पूल वाचला.

अशोकचक्र हा शत्रूसमोर गाजवलेल्या पराक्रमाचा किताब नाही. त्यासाठी परमवीरचक्र आहे. शत्रू समोर नसताना केलेल्या अचाट धैर्यासाठी अशोकचक्र. म्हणजे नळदुर्गच्या पुलापलीकडे जे बंदूक धरून होते ते भारत सरकारच्या लेखी शत्रू नव्हते, आपलेच होते. हे ध्यानात आले त्या दिवशी आम्हाला या किताबाविषयी जे वाटले ते आधी कधी वाटले नव्हते. कागदावरचे ते एक बारीक कलम गावोगाव वाचून दाखवायला कुणी असते तर!

ते नव्हते. आमच्यातले काही रझाकार झाले होते, त्यांनी खेडी जाळली, लोकांना लुटले, मारले. हे लपवून आमचा मान वाढत नाही. त्यांच्याविरुद्ध लिहिणारा शोएबुल्ला खान हाही मुसलमानच, त्याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांनीच मारले. पण फौज पुढे गेल्यावर मागे जे झाले त्यात रझाकार कोण आणि पिंजारी कोण हे कुणी विचारले नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती त्याच हिवाळ्यात फिरली. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घातले. राज्यभरातला आकडा सावध अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसातल्या माणसांनी लुटीत हात घातला हे त्यांनी लिहिले. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचेही लिहिले. विणकरांना विणकरांनी वाचवले. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांना बघायला मिळाला नाही.

अम्मीचे अब्बा त्या आठवड्यात बाजाराला गेले ते आले नाहीत. शेजारच्या पाटलीणबाईंनी अम्मीला, तिच्या आईला आणि दोन भावांना कडब्याच्या गंजीत चार दिवस ठेवले. रात्री भाकरी आणि पाण्याची कळशी यायची. तिसऱ्या दिवशी रस्त्याने लष्कराचा ट्रक गेला. फटीतून तिने पगडीवाले जवान बघितले. ट्रक थांबला नाही. थांबला असता तर आपण वाचलो असतो की मेलो असतो, हे तिला आज इतक्या वर्षांनंतरही ठरवता येत नाही. १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदनाला जातो, मुलांना पाठवतो, मनापासून जातो. ती त्या दिवशी दार लावून घेते. यात विरोध आहे असे कुणाला वाटत असेल तर वाटो.

गेल्या १३ सप्टेंबरला पुतण्याने हट्ट धरला, नळदुर्गला जायचे. आम्ही निघालो आणि काय झाले कोण जाणे, अम्मीही गाडीत येऊन बसली. तुळजापूरपर्यंत ती बोलली नाही. मग पुतण्याने दख्खन हॉर्सचे पुढचे पुराण सुरू केले, १९६५ चे. खेमकरणजवळ असल उत्तर गावाच्या उसात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवले गेले, त्यात आपल्या जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी दख्खन हॉर्स होती. कमांडर होते अरुण वैद्य, पुढे सरसेनापती झाले ते. त्यांना महावीरचक्र मिळाले. त्याच रणात चौथ्या ग्रेनेडियर्सचा अब्दुल हमीद, जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडत १० सप्टेंबरला गेला, त्याला परमवीरचक्र. निझामाच्या पागेतून निघालेला रिसाला, मराठी सेनानी आणि गाझीपूरचा शिंप्याचा पोर, तिघे एका उसात. पोरगा हे क्रिकेटची कॉमेंट्री सांगावी तसे सांगत होता. आम्हाला मधेच वाटून गेले की आमच्या पोरांना प्रत्येक वेळी हमीदचेच नाव का काढावे लागते? बचित्तरसिंगाच्या गावच्या पोराला कुणाचे नाव काढायला लागत नाही.

नळदुर्गला पाऊस होऊन गेला होता. बोरीला पाणी होते, नर-मादी धबधबा बघायला सोलापूरची गर्दी. हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकांची रीघ. आम्ही नदीच्या बाजूला एका झाडाखाली अम्मीला खुर्ची टाकून दिली. पुतण्याने हात करून दाखवले, फौज इकडून आली असेल, ठाणे तिकडे असेल. नक्की जागा आम्हालाही ठाऊक नव्हती.

अम्मीने विचारले, "उसकी माँ थी क्या?"

आम्ही म्हणालो, असेलच.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग पदर डोक्यावर सारखा करून तिने हात वर केले, ओठ हलले. दुवा कुणासाठी, त्या सरदारजीसाठी, पुलापलीकडच्यांसाठी, की बाजाराला गेलेल्या अब्बांसाठी, हे आम्ही विचारले नाही. पुतण्यानेही हात उचलले होते. शेजारी मक्याची कणसे भाजणारा माणूस आमच्याकडे बघत राहिला आणि नंतर त्याने अम्मीला एक कणीस आणून दिले, दाणे सोलून, कारण दात नाहीत हे त्याला दिसले.

परतताना तुळजापूरच्या घाटात ती पुतण्याला म्हणाली, "तेरे पर-पर-दादा के टाइम पे सुना पगार नै मिलती थी. अब फौज में वखत पे मिलती ना रे?"

"हर महिने, दादी. बँक में."

"फिर ठीक है," ती म्हणाली. त्या रात्री झोपण्याआधी तिने स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर हरभरा भिजत घातला.